एक पायरी वरची बातमी

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं एक वार्तापत्र निघायचं. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आगेमागे, मेळाव्याच्या आधी. आठ पानं, पिवळट कागद आणि शाई अशी, की वाचून झालं की बोटं धुवावी लागत. कोण परदेशी गेला, कुणाला बढती मिळाली, कुणाचं लग्न झालं, सगळं त्यात. मला विचाराल तर त्या आठ पानांनी माझ्या घराचं जे केलं ते वैऱ्यानंही केलं नसतं. पण ते सांगायचं तर आधी सरांबद्दल सांगायला हवं, आणि सरांबद्दल वाईट बोलायची आजही चोरी आहे.

सर आम्हाला इतिहास शिकवायचे, शिवाय मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. निवृत्त झाले आणि माजी विद्यार्थी संघ त्यांच्या गळ्यात पडला, कारण दुसरं कुणी तिकडे फिरकायचंच नाही. रविवार कारंज्याच्या मागे त्यांचं घर. रस्त्यात कुणी जुना विद्यार्थी दिसला की सर सायकलवरून उतरायचे आणि विचारायचे, "काय रे, सध्या कुठे?" तो सांगायचा, सर मान डोलवायचे, आणि छापताना त्याला एक पायरी वर चढवायचे.

गंमत म्हणून सांगत नाही, तशी रीतच होती. बँकेतला कारकून वार्तापत्रात 'बँक अधिकारी' व्हायचा. कंपाउंडर 'वैद्यकीय क्षेत्रात कार्यरत'. एसटीतला कंडक्टर 'परिवहन खात्यात जबाबदारीच्या पदावर'. आता बाजाराच्या दिवशी येवल्याची गाडी सांभाळायची म्हणजे जबाबदारी आहेच म्हणा. सर म्हणायचे, "लिहिताना थोडं वर लिहावं. माणूस वाचतो आणि चढायला बघतो." वाचणारे आम्ही सगळे आतले, त्यामुळे कुणी फसायचं नाही. भाजीवाली चढवून सांगते, आपण उतरवून मागतो, तसे आम्ही प्रत्येक बातमी एक पायरी उतरवून वाचायचो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण सगळ्यांच्याच हाती कथील, तर कोण कुणाला हसणार? स्वतःला मात्र सरांनी कधी चढवलं नाही. शेवटपर्यंत त्यांच्या नावाखाली 'निवृत्त अधिव्याख्याता' एवढंच असायचं.

बायकांना पायरी नव्हती. मी मनमाडहून पॅसेंजरनं ये-जा करून शिकले. वडील रेल्वेत होते, पास होता, म्हणून जमलं. कॉलेजात पहिली आले. माझी पहिली बातमी आली ती 'शुभविवाह' या सदरात, दुसरी 'कन्यारत्न' म्हणून. पुढे शाळेतली नोकरी करत, पोर मांडीवर घेऊन मी एम.ए. केलं, त्या वर्षी सरांनी माझ्या नवऱ्याच्या बातमीच्या शेपटाला जोडलं, 'पत्नीही उच्चविद्याविभूषित'. राग आला होता. चांगला सणसणीत आला होता. पण सकाळी शाळा, दुपारी घर, त्यात नळाला पाणी यायची वेळ सांभाळायची. राग धरायचा म्हटलं तरी बाईला घटकाभर बसायला मिळावं लागतं.

माझे यजमानही त्याच कॉलेजचे. लग्नाआधी मी त्यांना 'तू' म्हणायचे, सासूबाईंनी ते पहिल्या दिवशीच मोडलं, तेव्हापासून 'हे' आणि 'अहो'. येवल्याकडच्या कांदेवाल्या शेतकऱ्याच्या घरातले. बी.एस्सी. झाले, सरकारी नोकरी काही मिळेना, तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि तिथे चार्जहँड झाले. चार्जहँड म्हणजे हाताखाली थोडी माणसं, पण स्वतःही मशीनवर उभं राहायचं, त्याच कँटीनमध्ये जेवायचं, युनियनची पावती फाडायची. साहेब नव्हे, कामगारच. आम्ही राहायचोही कामगार वसाहतीत, दोन खोल्यांत. भिंतीला भिंत लागून ह्यांच्याच खात्यातले एक फिटर राहायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी, आणि ह्यांना 'भाऊ'. दोघं एका सायकलवरून फर्स्ट शिफ्टला जायचे, एक पुढे, एक मागे कॅरिअरवर. भांडण झालं तर तेवढ्यापुरतं, चढावर कोण पेडल मारणार यावरून.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यात पगारवाढीवरून बिनसलं आणि मालकानं गेटला टाळं ठोकलं. टाळेबंदी. कामगारांनी बोलणी करायला पाच माणसांची कमिटी निवडली, त्यात हे होते. ह्यांना इंग्रजी कागद वाचता यायचे म्हणून असेल, पण मुख्य म्हणजे माणसांचा ह्यांच्यावर जीव होता. संध्याकाळी आमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. चहा परवडत नव्हता तर मी नुसतं गूळपाणी द्यायचे, तेही प्यायचे आणि 'भाऊ, तुमी म्हनाल तसं' म्हणून उठून जायचे. घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी दमले होते, पण एक सांगते, त्या दिवसांत हे जेवढे सरळ चालायचे तेवढे आधीही नाही आणि नंतरही नाही.

अशात अफवा उठली, की मॅनेजमेंट कमिटीतल्या एकाला बढती देऊन फोडणार आहे. कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागला. आणि नेमकी संक्रांत आली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

भाऊजींची मुलगी आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. गुणी पोर. वार्तापत्राच्या घड्या घालायच्या कामाला विद्यार्थ्यांना बसवायचे, त्यात ही होती. घड्या घालता घालता तिला ह्यांचं नाव दिसलं. 'सातपूर येथील प्रख्यात कारखान्यात व्यवस्थापकपदी कार्यरत.' झालं! पोरगी अंक हातात नाचवत वसाहतीत शिरली ती नळापासूनच ओरडत आली, "काकू, काका मॅनेजर झाले! पुस्तकात आलंय!" तिला बिचारीला काय ठाऊक, आमच्यात पायरी उतरवून वाचतात ते. आनंदानं तिला धापच लागली होती. नळावर बायका होत्या. कुणाची कळशी भरून वाहायला लागली, तरी ती नळाखालून काढायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात एकही चप्पल नव्हती.

ह्यांनी सांगायचा प्रयत्न केला. गेटवर उभं राहून सांगितलं, की आमच्या कॉलेजात अशी रीत आहे, प्रत्येकाला एक पायरी वर लिहितात. लोक हसले. हसणारच! असं कुठे असतं का? शिकल्यासवरल्या माणसांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं खोटं छापायचं, आणि सगळ्यांना ते ठाऊक असायचं, हे बाहेरच्या कुणाला पटावं तरी कसं? आम्ही त्यात इतके मुरलो होतो, की बाहेरचा माणूस ते वाचू शकतो हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. एक जण म्हणाला, "भाऊ, खोटं सांगायचं तर जरा बरं तरी सांगा." रविवारी कमिटीची नव्यानं निवड करायचं ठरलं. हात वर करून. ह्यांना ठेवायचं की काढायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं.

मी सरांकडे गेले. बस पकडून, शाळेतून तशीच. सरांनी पाट दिला, पाणी दिलं, माझी मुलगी कितवीत आहे विचारलं. मी सांगितलं, सर, रविवारच्या आत गेटवर या आणि एवढंच बोला, की मी सगळ्यांचंच असं लिहितो.

सरांनी माझ्यापुढचं भांडं उचलून कोपऱ्यात ठेवलं. मग म्हणाले, "अगं, मी कुणाचं वाईट लिहिलं का कधी?"

"चांगलंच लिहिलंत सर. त्यानंच घात झाला."

"गेटवर जाऊन मी असं बोललो, तर मग सगळ्यांचंच खोटं ठरेल. ती पोरं घरी अंक जपून ठेवतात. त्यांच्या आईबापांनी भिंतीला लावलेत." मग त्यांनी संघाच्या छापील कागदावर लिहून दिलं, की सदर बातमी अनवधानाने प्रसिद्ध झाली आहे. खाली सही, शिक्का. मी म्हटलं, सर, कागदावर कोण विश्वास ठेवणार, कागदानंच तर हे केलंय. ते म्हणाले, "माझं वय बघ गं." मी कागद घेतला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तो कागद ह्यांनी गेटवर दाखवला तेव्हा लोक म्हणाले, मॅनेजर साहेबांना शिक्क्याचा कागद मिळायला काय उशीर.

शनिवारी मेळावा होता. हे आले नाहीत. मी गेले, कारण पाहुण्यांच्या पत्नीला हळदीकुंकू लावून फुलं द्यायचं काम दरवर्षी माझ्याकडे असायचं. कॉलेजात पहिली आले होते ना, त्याचं बक्षीस. मी बाईंना कुंकू लावलं, फुलं दिली आणि खाली उतरायच्या ऐवजी माइकपाशी गेले. शाळेत पन्नास पोरांपुढे बोलायची सवय, ती कामाला आली. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चौघं जण सातपूरला चला. फार काही नको. गेटवर उभं राहायचं आणि म्हणायचं, वार्तापत्रात माझं हे छापलंय आणि मी खरा हा आहे. तेवढ्यानं एका माणसाची लाज राहील."

समोर सगळी ओळखीची तोंडं. ह्यांच्या खोलीत वसतिगृहावर राहिलेले, ह्यांच्या गावच्या शेंगा फस्त केलेले. पुढच्याच रांगेत तो बँकेतला होता. त्याच्या शेजारी बायको, जरीकाठाची साडी नेसून. ती त्याच्याकडे बघायला लागली, अशी की बस. मला तिथल्या तिथे कळलं, तिला पायरी उतरवून वाचता येत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. किती घरांत सांगितलं नसेल! तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसला. मागून कुणी तरी म्हणालं, "वहिनी, हा विषय इथे नको." सूत्रसंचालकानं माइक हळूच माझ्या हातून घेतला आणि पुढचं गाणं जाहीर केलं. सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

कुणी आलं नाही. मी त्यांना तेव्हा मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. आता देत नाही, दमले. त्यांच्यापाशीही तेवढंच होतं, ते तरी कसं सोडतील?

रविवारी मी एकटीच गेटवर गेले. मैदानात माणसं बसली होती, मी कडेला उभी राहून बोलले. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, माझा अपमान केला नाही. एक म्हातारे कामगार म्हणाले, "ताई, तुमी घरच्या. तुमी असंच बोलणार, आन् बोलायलाच पाहिजे." बस्स. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी येऊन त्यांचं उरलंसुरलंही घालवलं.

मग हात वर करायला सांगितले. ह्यांना ठेवायच्या बाजूनं. मी भाऊजींकडे बघत होते. ते दुसऱ्या रांगेत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. एक हात उचलला तरी ह्यांना पुरलं असतं. निवडून आले नसते, पण पुरलं असतं. भाऊजींनीही हात उचलला नाही, आणि हे कमिटीतून गेले. संध्याकाळी ते आमच्या दारात आले, आत नाही आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, माझा इस्वास हाय भाऊंवर. पण मी हात वर केला असता तर लोक म्हनले असते, ह्यालाबी काय तरी मिळालंय. पेपर आणनारी पोरगी माझ्याच घरातली ना." आत हे ऐकत होते. उठले नाहीत. भाऊजी खोटं बोलत नव्हते. म्हणून तर जास्त लागलं.

पुढे टाळेबंदी उठली, थोडीफार पगारवाढ मिळाली, माणसं कामावर गेली. हे गेले, पण एकटे सायकलवरून. कँटीनमध्ये ह्यांच्या टेबलावर जागा रिकामी राहायची. कुणी भांडत नव्हतं, कुणी वाईट बोलत नव्हतं, नुसतं बोलतच नव्हतं. हाताखालची माणसं सांगितलेलं काम करायची, वर एक शब्द नाही. असे काही महिने गेले. मग एक दिवस साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्याही टेबलावर कुणी तरी तो अंक नेऊन ठेवला होता. हसले आणि म्हणाले, लोकांनी तुम्हाला मॅनेजर केलंच आहे, तर आता खरंच होऊन टाका. असिस्टंट मॅनेजर. माणसं सांभाळता येतात तुम्हाला.

मी भांडले. हो, भांडले, भांडी आपटली. म्हटलं, घेतलंत तर ते सगळे म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो ते खरं निघालं. हे म्हणाले, "ते आत्ताही तेच म्हणतात. शिक्षा भोगतोच आहे, तर गुन्हा तरी करून घेऊ." मी आपटलेली भांडी उचलून ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्याकडे संन्याशानं शेवटी चोरी पत्करली.

पुढल्या मेळाव्यात ह्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सर खूश होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघ, चढला की नाही?" घरी येऊन नारळ फोडला, खोबऱ्याची चटणी केली आणि एकटीनंच खाल्ली. हे जेवले नाहीत.

आम्ही वसाहत सोडली. गंगापूर रोडकडे ब्लॉक घेतला, स्कूटर आली, फ्रिज आला. माझी आई मनमाडहून आली तेव्हा फ्रिजच्या दाराला हात लावून बघत बसली. सगळं चांगलं झालं होतं, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर हे खिडकीशी बसून राहायचे.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा भाऊजींच्या मुलीचं लग्न ठरलं. ती बँकेत अधिकारी म्हणून लागली होती, आमच्या कॉलेजच्या हिशोबानं नव्हे, खरीच. पत्रिका द्यायला भाऊजी आणि ती, दोघं आले. पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली. तिला सगळं केव्हाच कळलं होतं, पण त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. हे म्हणाले, येणार, नक्की येणार. नवा शर्ट काढला. कित्येक वर्षांत त्यांना इतकं उत्साहानं दाढी करताना मी बघितलं नव्हतं.

लग्न वसाहतीतल्या विहाराच्या अंगणात होतं. आम्ही पोचलो तशी माणसं उठून उभी राहिली. सगळी ओळखीची, त्याच खात्यातली. आम्हाला पुढे नेऊन खुर्च्यांवर बसवलं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणून दिल्या. बाकी सगळे सतरंजीवर. लग्न लागलं, पंगत बसली, आणि वाढायला माणसं कमी पडायला लागली. ह्यांना राहवेना. हे खुर्चीवरून उठले, बाह्या वर केल्या आणि बुंदीची बादली उचलून पंगतीत शिरले. पहिल्या पानावर वाकले. तो पानावरचा माणूस, ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, गडबडून अर्धवट उठायला लागला. त्याच्या शेजारचा थांबला. पंगतभर सगळ्यांचे हात पानावरच थांबले.

भाऊजी लगबगीनं आले. त्यांनी बादलीच्या कडीला हात घातला. रागानं नाही, अगदी हळू, मायेनंच म्हणा ना.

"साहेब, तुमी बसा," ते म्हणाले. "तुमी वाढलं तर लोकांना घास जायचा नाय."

ह्यांनी बादली सोडली आणि परत येऊन माझ्या शेजारी खुर्चीवर बसले. आम्हाला दोघांना ताटं तिथेच आणून दिली.